हिरवी न केलेली ओळ

छावणी, छत्रपती संभाजीनगर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय विशाखा,

सप्रेम जयभीम. इकडं सगळे मजेत. तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून तुझ्या भावाकडून, अतुलकडून, बंगळुरूचा पत्ता घेतला. कागदावरचं पत्र बघून हसशील. हस.

आईची अभ्यासिका जोरात चालली आहे. तिथं येणाऱ्या आपल्या सगळ्यांच्या नावांची यादी ठेवायला, कॉलेजात असताना आपण जावात केलेला प्रोग्राम अजून त्याच जुन्या संगणकावर चालतो. पुढच्या महिन्यापासून मात्र मोबाइलवरचं ॲप येतंय.

आठवतं? जावाच्या तयार टेबलात नोकरी लागलेल्याचं नाव फक्त पुसता यायचं, ते आईला पसंतच पडेना. "पोरगं नोकरीला लागलं म्हणून नाव पुसायचं व्हय? मागून येणाऱ्यांनी बघायचं कुणाकडं?" मग तू यादीची माहिती पडद्यामागं सांभाळणारं आपलं स्वतःचं टेबल मॉडेल लिहिलंस. नोकरी लागलेल्याची ओळ हिरवी होणार आणि तिला पुन्हा कुणी हात लावू शकणार नाही. नावं अकारविल्हे लावायचं काम माझं, आणि मी घोळ घातला. पडद्यावर नावांच्या जागा बदलायच्या, मागं मॉडेलमध्ये मात्र जुन्याच राहायच्या. बद्रीनाथला नोकरी लागली, आईनं त्याच्या नावावर टिचकी मारली आणि हिरवी झाली तुझी ओळ. आईनं लगेच शहागंजातून पेढे मागवले. तू एकही अर्ज केला नव्हतास, तरी दोन पेढे खाल्लेस.

तुझं कुलूप इतकं पक्कं, की ते काढायला तुलाच बसावं लागलं. मी शेजारी बसून चहा ओतत होतो. तसं सुख मला नंतर कुठल्याच नोकरीत मिळालं नाही.

मग तुला खरंच नोकरी लागली. मी टिचकी मारायला गेलो, तर आई म्हणाली, "राहू दे रे. ती कुठं जाती? यील की." म्हणून तुझी ओळ अजून काळीच आहे.

आता ॲपमध्ये नावं भरताना प्रत्येकापुढं 'आहेत' की 'गेले' ते लिहावं लागतं. तुझ्यापाशी येऊन थांबलो. आई विचारते आहे, असं लिहिणार होतो. आई नाही विचारत, मीच विचारतोय. इथल्या शेंद्र्याच्या कंपनीनं तुला बोलावलंय आणि तुझं ठरत नाही, असं अतुल म्हणाला. नोकरीचं तू तुझं बघ. पण मला तू इथं हवी आहेस, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं.

महिनाअखेर कळव. नाहीतर ॲपमध्ये 'गेले' लिहून जुन्या संगणकावर ती टिचकी मला मारावी लागेल, आणि मारल्यावर ती ओळ पुन्हा काळी करणं तुझ्याशिवाय कुणालाच जमत नाही.

तोवर संगणक बंद न करणारा,
संघपाल