बिनफवारणीचा प्लॉट

मॅडम, आधी वाईटच सांगून टाकते: आपला भुईमुगाचा वाण पडला. तांबेरा आला त्याच्यावर. खालच्या पानांच्या पाठीवर तिखट सांडल्यासारखे बारीक ठिपके दिसले, आणि बघता बघता सगळी ओळ करपली. वाण शेतकऱ्यांना देण्याआधीच्या चाचणीचं हे शेवटचं वर्ष होतं. एवढं एक वर्ष काढलं असतं मेल्यानं, तर दर्यापूरला माझ्या भावाच्या वावरात गेला असता. पानांवरच्या टिक्का आणि तांबेरा ह्या रोगांना कंटाळून तो सोयाबीनकडे वळला, तेव्हापासून मला विचारतोय, ताई, तुमचं बियाणं कधी येते? आता ते यायचं नाही. अकोल्याच्या ह्याच प्लॉटमध्ये संपलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाईट बातमी पहिल्यांदा तुम्हालाच सांगावीशी वाटते, काय करू!

तुमच्याकडे शिकायला आले तेव्हा हा प्लॉट पाहून मी हबकलेच होते. जग पिकावर औषध मारतं. तुम्ही रोगट पानं बादलीत चोळून ते पाणी संध्याकाळी पिकावर मारायला लावायच्या. मध्ये मध्ये पटकन आजारी पडणाऱ्या वाणाच्या ओळी, मुद्दाम, शेजाऱ्याला रोग लागावा म्हणून. मी शेतकऱ्याची पोर. पानं गळाली की आऱ्या, म्हणजे फुलाखालून निघणारे देठ, जमिनीत जातात पण शेंगा पोचट राहतात, हे घरी पाहिलेलं. जीव तुटायचा माझा. एकदा न राहवून विचारलं, "मॅडम, औषधाचा एक फवारा मारू का?" तुम्ही गर्रकन वळलात. "काहून वं? ताप मोजाच्या आधी गोळी देते का कोनी? मरते ते मरू दे. उरते तेच शेतकऱ्याले द्याचं हाये. त्याच्या वावरात तू पंप घेऊन जाशीन का?" तण निंदणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मला असा राग आला की दुपारी डबा उघडला नाही. संध्याकाळी तुम्हीच क्वार्टरवर नेलंत, ओट्याशी बसवून ठेचा-भाकर वाढलीत आणि तुमचा बारीक टोकाचा चिमटा माझ्यापुढे ठेवलात. "उद्यापासून संकर तू कर." म्हणजे संध्याकाळी कळीतले नर भाग काढायचे, आणि सकाळी ऊन चढायच्या आत तिच्यावर दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. चुकलं-माकलं म्हणणं तुमच्या स्वभावातच नव्हतं. खडूसच होता तुम्ही.

त्याच चिमट्यानं हा वाण झाला. एका बाजूला रोगाला दाद न देणारं, पण जाड टरफलाचं, दोनचार शेंगा देऊन गप्प बसणारं झाड. दुसऱ्या बाजूला आपल्याकडचा भरघोस, पण नाजूक भुईमूग. दोघांचं चांगलं तेवढं एका झाडात यावं म्हणून वर्षानुवर्षं निवडत गेलो. आणि मधेच तुम्ही आजारी पडलात. अमरावतीचा दवाखाना. मी संत्री घेऊन येते. तुम्ही उशीवरून मान वळवता, चेहरा पार उतरलाय, आणि पिशवीत पाहून भडकता. "संत्री काहून आणली? पानं काहून नाई आणले?" दुसऱ्या दिवशी मी पहिल्या गाडीनं पानं घेऊन येते, ओल्या फडक्यात गुंडाळून. तुम्ही एकेक पान खिडकीच्या उजेडात धरता, उलटं करता, पाठ न्याहाळता. "पाहा बरं," नर्सला म्हणता, "एक ठिपका नाई!" तिला काय कळणार, ती तुमचा ताप लिहून निघून जाते. त्यानंतर थोड्याच दिवसांत तुम्ही गेलात.

यंदा ठिपके दिसले तेव्हा माझ्या हाताखालची नवी संशोधक हळूच म्हणाली, "मॅडम, मारून टाकू एक हात औषधाचा? बाकी सगळ्या केंद्रांवर वाण चांगला हाये. कोनाले समजते?" आता मला मॅडम म्हणतात. मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडणार कुठल्या तोंडानं? पंप कुठल्या खोलीत आहे, ते मलाही त्या क्षणी आठवलंच होतं. मारलं असतं तर वाण पास झाला असता आणि भावाच्या वावरात नापास झाला असता. मी पानं उलटली आणि नोंद केली, रोगाची सगळ्यात वाईट श्रेणी. मग भावाला फोन लावला. "जाऊ दे ना ताई," तो म्हणाला, "सोयाबीन तं पेरूनच राहिलो आमी." चिडला असता तर बरं वाटलं असतं.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी पाठवलं नसतं. तुम्ही म्हणाला असता, रडगाणं पुरे, नवीन संकर कोणता धरला ते सांग. धरलेला नाही, मॅडम. माझी निवृत्ती आली, आणि नवा वाण उभा राहायला जेवढी वर्षं लागतात तेवढी आता माझ्याकडे नाहीत. शिवाय एक गोष्ट तुमच्यासमोर बोलता आली नसती. तुम्ही गेलात तेव्हा सगळे रडले, मी नाही. लोकांना वाटलं, काय दगड आहे ही! तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्लॉटवर आले तर आपला वाण हिरवागार उभा होता, आणि तुम्ही गेलात असं मला वाटलंच नाही. परवा ती ओळ उपटली, आणि मी प्लॉटच्या कडेला धुऱ्यावर बसून तुमच्या नावानं रडले.