तळव्याची पट्टी आणि वैजूचा अर्ज

८ एप्रिल ९१, सोम.
वैजू कल्याणहून ड्यूटी संपवून आली ती पाकीट घेऊन. नर्सिंगच्या एम.एस्सी.चा अर्ज. दिल्ली, दोन वर्षं. बी.एस्सी.नंतर वर्षभर वॉर्डात काम हवं, ते गेल्याच महिन्यात झालं. वाटलं, नाचेल. पोरीनं पाकीट फ्रिजवर ठेवलं नि रोजच्यासारखी माझ्या तळव्याची पट्टी सोडायला बसली. साखरेची जखम, चार महिने झाले.
"पाठवणार ना अर्ज?"
"बघू."
हा 'बघू' तिच्या बापाचा.

१० बुध.
का थांबायचं, विचारलं. म्हणे, वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर म्हणतात, आणखी दोन वर्षं हात बसू दे. आमचे गुरुजी तसेच. कविता आधी पाठ, अर्थ मागाहून. चौथीतल्या एका ओळीचा अर्थ मला साठीनंतर लागला, तोही मेथी निवडताना. काय गंमत! पण वै.नं साठीपर्यंत थांबायचं?
पट्टी बांधताना म्हणाली, जखम तळातून वर भरायला हवी. वरून आधी मिटली की आत पू.
"म्हणजे घाई वाईट."
"जखमेत, आजोबा."

१३ शनि.
सूनबाई ओट्यापाशी : "ही दिल्लीला गेली तर तुमचा पाय कोण बघणार? मला तर रक्त बघूनच गरगरतं."
वै.नं फ्रिजवरचं पाकीट आणखी मागे सरकवलं.
अस्सं! मला आधी कसं सुचलं नाही...

१४ रवि.
वै. ड्यूटीवर. दाढीचा आरसा जमिनीवर ठेवला. जन्मात पहिल्यांदा स्वतःचा तळवा नीट पाहिला. मधे लाल खड्डा, पेरूच्या गरासारखा. घाबरलो. तरी हात धुऊन, तिच्यासारखंच सगळं करून पट्टी बांधली.
संध्याकाळी : "आजोबा, हा पाय आहे की पार्सल? बोटं गार पडलीत!" हसत हसत सोडली. लाल चांगलं म्हणे, पिवळं वाईट. एवढ्या कविता पाठ, आणि हे माहीत नव्हतं.
"माझ्यामुळे थांबलीस?"
"पाय हलवू नका." मग नव्या पट्टीची गाठ मारून, "निम्मी."
"आणि उरलेली?"
"तेच तर कळत नाही. तुमचं निम्मं मधे येतं. ते बाजूला झालं, तर दिसेल ना मला."

१६ मंगळ.
ठरलं. शुक्रवारपर्यंत पट्टी मी करायची, ती बघणारसुद्धा नाही. शुक्रवारी तपासणार. जमलं असेल तर माझं निम्मं बाद, उरलेल्याचं ती ठरवेल. शनिवारी पोस्टात पडला तरच अर्ज वेळेत पोचेल.

१९ शुक्र.
सकाळची पट्टी केली. गाठ सरळ, बोटं गरम. आरशात लालच. एका कडेला मात्र जरा पिवळट... चष्मा पुसला. तरी पिवळट. की खिडकीतलं ऊन?
दिवसभर घड्याळ पाहिलं, गुरुजी पाठांतराला एकेकाला उभं करीत तेव्हा पाहायचो तसं.
पाणी घ्यायला उठलो तर फ्रिजवरचं पाकीट उघडं. अर्ज काढून पाहिला. नाव, पत्ता, सगळं भरलंय. पेन्सिलीनं.
जिन्यात तिच्या चपला वाजल्या. आरसा पुसून ठेवतो