चौथ्या प्रकरणाचे कुलूप

मी, श्रीमती जयाबाई नागोजी मुतगेकर, वय वर्षे अठ्ठावन्न, राहणार हिंडलगा, तालुका व जिल्हा बेळगाव, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कुणाच्याही दडपणाखाली किंवा गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र लिहीत आहे. याआधी एकही केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही. डॉक्टर म्हणाले, छातीला जपा, जिना चढू नका. माझ्या घराला जिना नाही. पण त्यांनी ते ज्या तोंडाने सांगितले त्यावरून मी काय समजायचे ते समजले. मला मूलबाळ नाही. यजमान नागोजी तुरुंगावर पहारेकरी होते, ते वारले.

एक. राहते घर, दोन खोल्या, पडवी व मागचा आड, माझी धाकटी बहीण कोंडाबाई हिला. तिला सगळे माझ्या आधी मिळाले. गोरा रंग, मोत्यांची नथ, कंग्राळीचे बागायती सासर. आता माझे घरसुद्धा तिलाच. हे लिहिताना हात अडला, पण रक्ताचे दुसरे कोण आहे? पडवीत म्हशी बांधू नयेत, एवढीच अट.

दोन. परसातल्या आंब्याची फांदी शेजारीण यशोदाबाईच्या अंगणात गेली आहे. त्या फांदीचे आंबे ती आपल्या बापाचे असल्यासारखे खाते आणि वर मलाच वानवळा पाठवते. खाऊ दे. झाड मात्र कोंडाबाईचे, हे तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

तीन. टाइपरायटर ज्या मुलीला शिकायचे आहे तिला. 'लई शिकायचं होतं हो' म्हणणारीला नको.

चार. आता मुख्य मिळकत.

उद्यमबागेतल्या ज्या कंपनीत मी टायपिस्ट होते, तिथे चौऱ्याऐंशी साली कॉम्प्युटर आला. पुढे कंपनीने जुळणीचा एक प्रोग्राम तयार केला. मोठा प्रोग्राम पुष्कळ तुकड्यांत लिहिलेला असतो. कोणता तुकडा बदलला ते पाहून तेवढाच नव्याने करायचा आणि सगळे जुळवून द्यायचे, हे त्याचे काम. पुरणपोळीची कणीक बिघडली तर कणीकच पुन्हा मळतो, पुरण पुन्हा शिजवत नाही, तसे. त्याचे माहितीपुस्तक लिहायचे काम माझ्याकडे आले. इंग्रजीत लिहिले, रोज शब्दकोश घेऊन. पहिल्या पानावर छापले, लेखन: जयाबाई मुतगेकर. माझे नाव छापलेली दुसरी वस्तू या जगात नाही. लग्नपत्रिकेतसुद्धा वडिलांचेच नाव मोठे होते.

त्यातले चौथे प्रकरण जुन्या-नव्या प्रती सांभाळणाऱ्या पद्धतीबद्दल. प्रत्येक तुकड्याची कोणती प्रत कुणी, कधी बदलली हे ती सांभाळते, आणि जुळणीचा प्रोग्राम तिच्यातून तुकडे आणतो. मी लिहिले तेव्हा आमच्याकडे एकच पद्धत होती, एससीसीएस. मग पुण्याचे आणि बेंगलोरचे गिऱ्हाईक म्हणू लागले, आमच्याकडे आरसीएस ही दुसरी पद्धत आहे, आम्ही काय करायचे? प्रकरण नव्याने लिहायचे ठरले. माझ्या निवृत्तीला थोडे महिने राहिले होते. साहेबांनी काम धर्मराजला दिले.

धर्मराज निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत राबली, पोराला इंजिनिअर केले. पोरगा हुशार, नम्र, अक्षर मोत्यासारखे. मला बघवेना. माझ्या पुस्तकात त्याने पेन्सिलीने खुणा केलेल्या पाहिल्या आणि मला त्याचा हेवा वाटला. दुसरा शब्द नाही.

मी सगळ्यांसमोर विचारले, "एका पुस्तकात दोन पद्धती? जुन्यात फायलीच्या नावापुढं खूण, नव्यात नावामागं. वाचणाऱ्यानं काय डोकं फोडून घ्यायचं?"

तो म्हणाला, "आक्का, कानडी माणूस आद्याक्षरं नावाच्या पुढं लावतोय, आपण आडनाव मागं लावतोय. पोस्टमन दोघांची बी पत्रं टाकतोय की."

सगळे हसले. साहेबसुद्धा. माझ्या बोलण्यावर असे कधी कुणी हसले नव्हते. आणि मेल्याचे खरे होते. माझ्याच घराचे कागद कानडीत आहेत आणि हे मृत्युपत्र मराठीत.

कुलपाचे असे आहे. आमचे पुस्तकही कंपनीच्या मशीनवर अशाच पद्धतीत ठेवलेले असते. प्रकरण दुरुस्तीला काढले की त्यावर काढणाऱ्याच्या नावाचे कुलूप बसते. तो परत ठेवीपर्यंत दुसऱ्या कुणाचा बदल आत जात नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळे हार आणायला गेले तेव्हा मी चौथे प्रकरण माझ्या नावाने काढले. परत ठेवले नाही. गळ्यात हार घालून, नारळ घेऊन घरी आले. यजमान म्हणायचे, ज्यानं कुलूप घातलं त्यानंच काढायचं. मी म्हटले, बघू कसा छापतो.

तेव्हापासून धर्मराज दर रविवारी सिटी बसने येतो. नवी पाने छापून आणतो, मला दाखवतो. "आक्का, सवड झाली का?" एवढेच विचारतो. मी म्हणते, "बघते." त्याचे हात बांधले गेलेत या आनंदात मी चहात साखर जास्त घालत होते.

गेल्या रविवारी त्याची पाने चूक काढायच्या इराद्याने वाचली. आमच्या मशीनवरही आता नवीच पद्धत आहे. तिच्यात कुलूप घालण्यापुरते मी शिकले होते, पुढचे नाही. त्याने लिहिले होते ते मराठीत देते: 'दुसऱ्याचे कुलूप मोडता येते. मोडताना कारण लिहावे लागते, आणि ते कारण कुलूप घालणाऱ्याच्या नावे आपोआप कळवले जाते. तरीही तो माणूस जवळपास राहत असेल, तर आधी जाऊन विचारावे.'

मी विचारले, "म्हणजे तुला हे पहिल्या दिवसापासून मोडता येत होतं?"

"व्हय."

"मग मोडलं का न्हाईस रं?"

"त्यावर तुमचं नाव हाय, आक्का."

"आणि साहेबांना काय सांगितलंस?"

"आक्का करायला लागल्यात म्हणून सांगितलं."

चहा पिऊन, कप विसळून तो बस पकडायला गेला. मी दार लावले आणि रडले. रागाने. लिहिण्यात पुढे गेला, बोलण्यात पुढे गेला, निदान चांगुलपणात तरी मला पुढे राहू द्यायचे होते! त्याचा हेवा मला कालही वाटत होता, आज जास्त वाटतो. साक्षीदारांनी हे ऐकून घ्यावे.

पाच. चौथे प्रकरण आणि त्यावरचे कुलूप मी धर्मराजला देते. मी स्वतः जाऊन काढले असते, पण कंपनीतले मशीन माडीवर आहे. तोंडाने सांगणे मला जमणार नाही, म्हणून लिहून देते. हे कलम माझ्या मरणापर्यंत थांबवू नये. येत्या रविवारी मी त्याला या पानाची नक्कल देईन.

कुलूप मोडताना मशीन कारण विचारेल. 'आक्का म्हातारी झाली' लिहू नये. तोवर मी गेले असले तरी 'आक्का वारल्या' असेही लिहू नये. 'आक्कांनी सांगितलं' एवढेच लिहावे. तो निरोप माझ्या नावे येईल, तो छापून मला आणून द्यावा. मी नसले तरी आणावा आणि पडवीत बसून वाचावा. कुलूप निघाले म्हणून रविवारचा चहा बंद करू नये.

नव्या पुस्तकावर माझे नाव वर आणि त्याचे खाली लहान टाइपात छापावे.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, बरोबर आहे.

ठिकाण: हिंडलगा
तारीख: ९ डिसेंबर १९८८

(सही) जयाबाई नागोजी मुतगेकर

साक्षीदार
१. मारुतीराव गुंडू चौगुले, निवृत्त पोस्टमन, हिंडलगा (सही)
२. यशोदाबाई आण्णाप्पा सांबरेकर, शेजारीण (अंगठा, दुसरे कलम दोनदा वाचायला लावले)

सह्या झाल्यावर केलेली दुरुस्ती: पाचव्या कलमातले 'लहान टाइपात' हे शब्द खोडून 'तेवढ्याच टाइपात' असे वाचावे. खोडल्या जागी माझी सही आहे. दोन्ही साक्षीदार चहासाठी थांबले होते, म्हणून त्यांचीही सही आणि अंगठा घेतला.

(सही) ज. ना. मुतगेकर