दाराजवळची लाल खुर्ची

निकिता,

तुमी वावरातून येसान तोवर मी शेलूबाजारच्या जीपनं निंगाली असीन. चाबी मागच्या कोनाड्यात हाये. दूध तापवलं हाये, मांजरीपासून जप. राजूले सांग, माय रागानं नाही गेली.

खुब्याचं आपरेशन चांगलंच झालं, आता दुखत नाही. पण दिवाळीत तुमच्यासंग मांडी घालून जेवाले बसली अन् आतला नवा गोळा खटकन निसटला. डाक्टरनं पुन्हा बसवला अन् बजावलं, आता जनमभर खाली बसाचं नाही. तवापासून तुमी सारे खाली बसून हासत-बोलत जेवता, अन् मी दाराजवळ खुर्चीवर. वरून मले तुमची डोकीच दिसतात. भाजी पायजे का, एवढंच कोणी मान वर करून इचारते. तुमचं काही चुकलं नाही बाई.

माह्या बहिणीचे, गोदाबाईचे, गुडघे गेले. थेबी एकटीच खुर्चीवर जेवते, भिताडाकडे पाहत.

आपली लाल खुर्ची घरात शोधू नको. जीपवाला टपावर बांधून नेतो म्हणे. गोदाबाईच्या घरी एकच हाये.

तुही सासू