मुलांचं कुरआन पूर्ण झालं

दम्माम, फेब्रुवारी १९९१

प्रिय अम्मीस सलाम,

सायरन वाजला की आम्ही आतल्या खोलीत जाऊन बसतो, बाकी सगळे खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

आकिब आणि अरवाचं कुरआन काल पूर्ण झालं. फजरच्या नमाजनंतर, शाळेआधी त्यांना शिकवणाऱ्या येमेनी जमीला उस्तानीबद्दल मी तुला लिहिलं होतं. कुवेतचं प्रकरण पेटलं, त्यांच्या सरकारने इथल्या सरकारची बाजू घेतली नाही म्हणून येमेनींना हुकूम आला, हमी घेणारा इथला कफील शोधा नाहीतर देश सोडा. ती दारात येऊन म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला त्याच्या कफीलशी बोलायला सांग." हे म्हणाले, "आपलाच इथे राहायचा इकामा त्याच्या हातात आहे, गप्प बस." महिन्याभरात ती गेली. तीसपैकी शेवटचे दोन सिपारे नव्या मौलवींनी घेतले.

काल शेजाऱ्यांना जेवायला बोलावून यांनी मौलवींना घड्याळ दिलं. "माझ्या मुलांना यांनी शिकवलं," म्हणाले. अरवा म्हणाली, "अब्बू, आम्हाला जमीला उस्तानीने शिकवलं." यांनी तिला सगळ्यांसमोर आत पाठवलं. ती न जेवताच झोपली.

तू गावात मिठाई वाटशील, तेव्हा त्या बाईचं नाव घे. इथे मला ते घेता येत नाही.

तुझ्या दुवेवर जगणारी,
अख्तरी