रविवारचा शो आणि साकेतचा गोवर

सोमवार, १७ नोव्हेंबर

सूरजने जेवताना पुन्हा आकडे वाचले! ध्रुवबाळाच्या कार्टून सिनेमाचे. पहिल्या शुक्रवारी एक कोटी, आणि काल चौथ्या रविवारी अकरा! क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा सांगतो. भाजी शिळी झाली की भाव उतरतो, इथे चढतोय. म्हटलं, देवाच्या नावाने लोक जातायत, चांगलंच आहे की. तर म्हणतो, "आई, निम्मी तिकिटं पक्षवाले काढतायत. निवडणूक आहे ना!"

खरं आहे ते. आनंदाभाऊजींनी येत्या रविवारी कल्याणच्या मॉलमधला अख्खा शो घेतलाय, वॉर्डातल्या मुलांना फुकट. ते कळल्यावर ह्यांनी सात डिसेंबरचा घेतला! पक्ष फुटला तसे हे दोघे सख्खे भाऊ दोन गटांत गेले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, भाऊजी पहिल्या – आणि बोलणं काय ते बॅनरवरून. दोघांनाही वॉर्डाचं तिकीट हवंय. निशा आणि मी मात्र आमची देवघेव बंद केलेली नाही. जावा आहोत, गट नाही.

समृद्धी आजही दिवसभर खालीच होती, निशाच्या साकेतबरोबर. चार वर्षांची नात आणि सहा वर्षांचा चुलतकाका! तिला त्याला काका म्हणायला लावलं की दोघं लोळून हसतात.

कार्तिकातला शेवटचा सोमवार. बेल ताजा मिळाला.

मंगळवार, १८

शालू आली होती – आरोग्य केंद्राची आशा सेविका. वॉर्डात गोवर निघालाय. समृद्धीचा दुसरा डोस राहिलाय ते तिच्या लक्षात होतं. आम्ही गावच्या जत्रेला गेलो तेव्हा हुकला, मग पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात... लाज वाटली. उद्या समाजमंदिरात कॅम्प आहे.

बुधवार, १९

समृद्धीला टोचलं. रडली नाही. शालूला म्हणाली, "आता तू घे!"

निशा साकेतला घेऊन आली नाही. फोन केला तर म्हणे, झोपलाय.

गुरुवार, २०

निशाची फोडणी रोज आमच्या खिडकीत येते. जिरं की मोहरी ते इथे बसून सांगावं! परवापासून काही नाही. मला वाटलं गॅस संपला असेल. आज कुकर लावताना एकदम चमकलं – फोडणी बंद कधी करतात? घरात बाया आल्या की! माझ्या सासरीही तसंच. गोवर-कांजिण्यांत तवा-फोडणी नाही, पाहुणा नाही, उंबऱ्याबाहेर उच्चार नाही.

तशीच खाली गेले. निशाने दार फटीएवढं उघडलं. आतून कडुलिंबाच्या पाल्याचा वास. मी विचारायच्या आत रडायला लागली. "ताई, बाया आल्यात. साकेतच्या पप्पांनी शपथ घातलीय, रविवारपर्यंत कुणाला बोलायचं नाही. मोठे साहेब येणारेत शोला. कळलं तर आरोग्यवाले शो बंद करतील, तिकीट गेलंच समज."

पोर नुसतं तापत होतं. डोळे लाल, छाती धपापत होती. डॉक्टर नाही, औषध नाही!

मी बाहेर येऊन जिन्यातच बसले. देवीला मी मानते. आजही मानते. पण देवी लेकराचा श्वास कशाला अडवेल? शिवाय रविवारी थंड हॉलमध्ये अडीचशे मुलं मांडीला मांडी लावून बसणार. त्यांतली कितीतरी या आठवड्यात साकेतबरोबर खेळलेली.

ह्यांना सांगितलं तर पाचव्या मिनिटाला ग्रुपवर टाकतील. भावाची जिरली म्हणून! ते नको.

परत गेले. निशाला म्हटलं, "शपथ तुला घातलीय, मला नाही. शाल काढ त्याची." मोठ्या जावेने म्हटल्यावर ती नाही म्हणाली नाही. रिक्षाने पालिकेच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, न्यूमोनियाची सुरुवात आहे, दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. दाखल करून घेतलं. नाव-पत्ता लिहिताना निशाने माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, फोडणीचं काय? हसल्या. "आजी, ती तुम्ही ठरवा. औषध मी ठरवते." बरं वाटलं. दोन्ही राहिलं!

शुक्रवार, २१

आरोग्याची माणसं आली. घरोघर विचारपूस. भाऊजींचा शो बंद.

भाऊजी आमच्या दारात आले. आत नाही. "वहिनी, तुम्हाला आईच्या जागी मानलं. तुम्ही दादाच्या गटाचं काम केलंत." मी म्हटलं, साकेत कसा आहे? भाऊजी जिना उतरून गेले.

हे आतून म्हणाले, "बरं केलंस. आता सात तारखेला दाखवतो!" मी ताट वाढलं आणि तोंड फिरवलं. यांच्यासाठी केलेलं नाही मी काही.

रविवार, २३

सूरजने गंमत सांगितली. थिएटरवाल्याने पैसे परत दिले नाहीत, आणि शोही चालवला! अडीचशे रिकाम्या खुर्च्यांपुढे ध्रुवबाळ तप करत होता. मोबाईलवर मात्र 'हाऊसफुल्ल'. तेही पैसे आजच्या कोटींत धरणार. म्हटलं, माणूस नसताना हाऊसफुल्ल कसं? "आई, कलेक्शन म्हणजे कलेक्शन!"

असा हिशोब मी घरात मांडला असता तर ह्यांनी घराबाहेर काढलं असतं. हसून हसून पोट दुखलं.

मंगळवार, २५

साकेत घरी आला. खिडकीतून हात केला. हडकलाय, पण हसला!

गुरुवार, २७

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला, पाच फळं, पाच डहाळ्या. कहाणी वाचताना मन लागलं. आटीव दुधाचा दूधपाक करायचा होता, साधी खीर केली. स्वस्तात गोड!

निशा हळदीकुंकवाला आली नाही. पहिल्यांदाच. तिचं वाण बाजूला ठेवलंय. समृद्धी विचारते, "काका कधी येणार?" मी म्हटलं, मोठ्यांचं भांडण संपलं की. तर म्हणते, "मग तो म्हातारा होईल!"

रविवार, ३०

शांत दिवस. ह्यांचे बॅनर लागले – ध्रुवबाळ एवढासा, हे त्याच्या तिप्पट. पास संपले म्हणून फार खुशीत आहेत. मला नवीन साडी घ्यायला सांगितलं, मोठ्या साहेबांच्या बायकोशेजारी बसायचंय. जुनी पैठणी हवेला टाकली. तीच चांगली आहे.

मंगळवार, २ डिसेंबर

समृद्धीला काल ताप होता, आज कानामागे पुरळ. लस घेण्याआधीच लागला असणार. सूरज आणि सूनबाई कामावर. ह्यांना दाखवलं. बघितलं, आणि दार लावून घेतलं. "रविवारपर्यंत थांब. चारच तर दिवस. लिंबाचा पाला आणतो मी."

मी चपला घातल्या. पाठीमागून हाका मारत होते, मी तिला कडेवर घेऊन उतरले.

गेटवर आनंदाभाऊजी उभे. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. "द्या वहिनी. जड आहे ती." आणि तिला खांद्यावर घेऊन रिक्षाला हात केला.