बिनशिक्क्याचा पाईप

प्रिय गुळगुळ्या,

लेथ विकायला काढल्याचं तू मला सांगितलं नाहीस, वहिनींनी सांगितलं. चष्म्याचा नंबर काढायला त्या इकडे आल्या होत्या, तेव्हा दुकानात डोकावल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या की रविवारी एक सुतार लेथ बघायला येणार आहे, त्याला खुर्च्यांचे पाय कातायला हवाय. मग जरा थांबून म्हणाल्या, "घरातला भुसा जाईल हे खरं, पण हे दिवसभर करणार काय, ते तुम्ही सांगा."  त्या गेल्यावर मी काउंटरमागच्या स्टुलावर नुसता बसून राहिलो. एक गिऱ्हाईक आत आलं, मी उठत नाही असं बघून परतही गेलं. तुझ्या या पोपटाच्या दुकानात असं कधी झालंय का?

फोन केला असता, पण फोनवर बोलायला लागलो की थोड्या वेळाने माझं मलाच पटायला लागतं. तुला हा अनुभव आहे. म्हणून लिहितोय. लिहिताना निदान मागचं वाक्य समोर दिसत राहतं.

सकाळी दुकानामागच्या, माझ्या मामांच्या जुन्या कामाच्या खोलीत गेलो होतो. आता तिथे रिकामी खोकी ठेवतो. खिडकीखालचं टेबल अजून आहे, त्याच्या कडेला तुझ्या कानशीच्या खुणा आहेत. आपण विशीत होतो. मामा दोघांना तंबाखूचा पाईप करायला ब्रायरच्या लाकडाचा एकेक ठोकळा द्यायचे आणि स्वतः वर्तमानपत्र उघडून बसायचे. मी वाटी कोरून, दांडीला भोक पाडून मोकळा व्हायचो, नि तू अजून लाकडातल्या रेषा बघत बसलेला असायचास. नंतर घासकागद घेतलास की संपलं. टेबलसुद्धा घासशील म्हणायचे मामा. तिथेच तू गुळगुळ्या झालास आणि तोंड मिटत नाही म्हणून मी पोपट. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा कित्येक दिवस त्यांना वाटायचं की ही आपली खरीच नावं आहेत.

तुझी ती अट तेव्हापासूनची. पाईप विकला की त्यावर नाव घालायचं नाही. घेणाऱ्याने तो आधी ओढायचा, वाटीत आतून काजळीचा थर धरू द्यायचा, लाकूड तापून-निवून कुठे तडकत नाही ना ते बघायचं, आणि मन भरलं तर परत आणून द्यायचा. मग तू दांडीच्या पोटाशी आपला शिक्का मारणार. मामा हसले होते. म्हणाले, जगातले सगळे कारखाने नाव घालून मग पाईप विकतात, हा विकून मग नाव घालणार. तू हसला नाहीस. ओळखीच्या चार लोकांनी आणले परत, त्यांच्यावर तू शिक्के मारलेस. पण माझ्या दुकानातून गेलेला एकही कधी परत आला नाही. तू दर वेळी विचारायचास, आलं का कोणी? मी म्हणायचो, नाही रे. ते खरं होतं. या वर्षापर्यंत पूर्ण खरं होतं.

आता पायलटसाहेबांबद्दल सांगतो. विमानाचे नव्हेत, बंदरातले. मोठी जहाजं धक्क्याला लावायची तर बाहेरच्या कप्तानाला इथल्या पाण्याची माहिती नसते, तेव्हा शिडीने जहाजावर चढून ते आत आणून देणारा माणूस. आता निवृत्त झालेत. हिवाळ्याच्या सुरुवातीला दुकानात आले, नवी कवळी बसवलेली होती. जुना पाईप दातात धरून धरून त्याच्या टोकाची तोंडी झिजून गेली होती, आणि आता कवळीत तो टिकत नव्हता. बोलता बोलता खाली लोंबायचा नि कवळी वर उचलली जायची. बायको म्हणते, आता तरी सोडा. डॉक्टरही तेच म्हणतात. ते म्हणाले, दोघांचंही बरोबर आहे, म्हणून दिवसातून एकदाच ओढतो, पण तो एकदा नीट जमला पाहिजे.

मी सगळं काउंटरवर मांडलं. तुला माहीत आहे, मांडायला मला आवडतं. आधी अमेरिकन काढले, सरळ दांडीचे, जाड वाटीचे, पडला तरी काही होणार नाही असे. त्यांनी तोंडात धरला आणि लगेच हाताने सावरला. जड. मग मक्याच्या कणसाचा दिला, तोही अमेरिकेचाच, फुलासारखा हलका. तो त्यांना आवडला, पण म्हणाले हा माझ्या तोंडात दिसला तर बायको मला शेतावर पाठवेल. आयरिश वाकड्या दांडीचा हनुवटीवर छान टेकला, पण त्याची तोंडी जाड, कवळीत बसेना. इंग्लिश काळा, नेटका, कोर्टात जाण्यासारखा. इटालियन त्यांनी हातात फिरवून बघितला आणि हा ओढायचा की कपाटात ठेवायचा असं विचारून परत दिला. तुर्कस्तानचा पांढऱ्या दगडाचा तर मी काढलाच नाही, तो हातातून निसटला की फुटतो. मग डॅनिशचा, म्हणजे डेन्मार्कच्या हाताने घडवलेल्या पाईपांचा, ट्रे पुढे केला. त्यांनी दोन-तीन बघितले, ठेवले, आणि चौथा उचलून दातात धरला आणि हात सोडला.

पाईप जागेवर राहिला. ते माझ्याशी हवेबद्दल बोलले, मुलीबद्दल बोलले, काउंटरवरून खिडकीपर्यंत जाऊन आले. पाईप हलला नाही. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तो काढून त्यांनी तोंडीवरून अंगठा फिरवला. पातळ, रुंद, आणि कडेला न दिसणारा उंचवटा. गुळगुळ्या, तुझ्या वडिलांचे दात गेले तेव्हा तू तशी तोंडी घडवायला लागला होतास. दुसरं कोणी तसं करत असेल तर मला माहीत नाही.

तो डॅनिशच्या ट्रेमध्ये कसा गेला, तर धूळ पुसताना मीच ठेवला असणार. मुद्दाम नाही. इथपर्यंत माझा काही दोष नाही. पण त्यांनी दांडी उलटी करून नाव शोधलं, ते नव्हतं, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "डॅनिश ना? आपल्याकडे हे कोणाला जमणार."

मी मान हलवली.

बोललो नाही काही. आयुष्यभर बोलत आलो आणि नेमकं तिथे मान हलवून भागवलं. त्याआधी एकदा असंच एका वकिलाला तुझा पाईप आवडला होता, मी उत्साहाने सांगितलं की हा आमच्या मित्राने घरी केलाय, आणि त्याने तो असा खाली ठेवला जणू उष्टा होता. ते डोक्यात होतं, असं मी स्वतःला सांगितलं. पैसे तुला पुरते पाठवले, त्याची काळजी करू नकोस. काळजी दुसऱ्याच गोष्टीची आहे. तुझा पाईप गेला हे मी तुला फोनवर कळवलं, तेव्हा तू विचारलंस, "घेणारा काही म्हणाला का?" आणि मी म्हणालो, काही नाही, घेतला नि गेला. तू बरं म्हणालास. मागे कानशीचा आवाज चालू होता, तो तेवढ्यापुरता थांबला होता. मग पुन्हा सुरू झाला.

खोटं बोलायला तिथे काही कारण नव्हतं बघ. गिऱ्हाईकासमोर होतं असं म्हणता येईल, तुझ्यासमोर कुठलं?

पायलटसाहेब त्यानंतर येतच राहिले. पहिल्यांदा आले ते फक्त सांगायला, की धूर थंड येतो, जीभ चुरचुरत नाही. पुढच्या वेळी म्हणाले, एकदा ओढला की पाईपला सुकायला दोन दिवस विश्रांती द्यावी लागते, तेव्हा याच कारागिराचा जोडीला आणखी एक मागवा. मी म्हणालो, कळवून बघतो. मग दर आठवड्याला, आलं का उत्तर? तिकडे थंडी फार असते, माणसं हळू काम करतात, असलं काहीबाही मी सांगत होतो. एकदा तर तो कारागीर आजारी असल्याचंही सांगितलं. त्यांनी त्याच्या तब्येतीची पुढच्या वेळी चौकशी केली.  त्या दिवशी संध्याकाळी मी तुला फोन करून, तसाच एक आणखी करशील का म्हणून विचारलं, आठवतं? तू म्हणालास, कशाला, पहिला कोणीतरी दया येऊन नेला असेल, शिक्का मारायला तरी आणला का त्याने? मी म्हणालो, नाही. त्यांना तुझी अट कुणी सांगितली होती की ते आणतील! तू हसलास आणि म्हणालास, मग झालं तर. वहिनी म्हणतात, सुताराशी बोलणी त्याच आठवड्यात सुरू झाली.

मी असं का केलं याचा विचार करायला काउंटरमागे वेळ भरपूर मिळतो. वकिलाचं कारण पुरत नाही. खरं कारण मामांच्या खोलीतलं आहे. मामांनी एकदा आपल्या दोघांचे पाईप शेजारी ठेवले, साफ करायची तार तुझ्यातून सरळ वाटीपर्यंत गेली आणि माझ्यात मध्येच अडली. ते काही रागावले नाहीत. प्रेमाने म्हणाले, तू दुकान सांभाळ, तुझं तोंड चांगलं आहे. मी सांभाळलं. तुझे पाईप ठेवून घेत होतो, मांडत होतो, पण मांडायचो कुठे? खालच्या फळीवर, जिथे वाकल्याशिवाय दिसत नाहीत. तू एकदा आला होतास तेव्हा वाकून बघून गेलास. जोवर ते फारसे विकले जात नव्हते, तोवर मी तुला सांभाळून घेणारा मित्र होतो. लोक तुझं नाव विचारत आले असते तर मी नुसता तुझा दुकानदार झालो असतो. हे कबूल करायला मला इतकी पानं लागली. तुला बहुतेक तेव्हाच कळलं असेल.

काल पायलटसाहेब आले. आलं का उत्तर विचारण्याआधीच मी त्यांना सगळं सांगितलं, मान हलवल्यापासून आजारपणापर्यंत. ते चिडतील, पाईप आपटतील असं वाटलं होतं. ते खिडकीपर्यंत जाऊन आले. मग म्हणाले की जन्मभर जहाजं आत आणली, कुठल्याही देशाचा बावटा असला तरी जहाज हाताला कसं लागतं तेवढंच बघितलं, आणि पाईप घेताना मात्र मी आधी बावटा विचारला. म्हणजे मूर्खपणा दोघांचा, पण तुमचा जास्त, असंही म्हणाले. मग त्यांनी विचारलं की मग हे गृहस्थ आजारी नाहीत ना. नाहीत म्हटल्यावर त्यांना खरंच बरं वाटलं. मग मी त्यांना तुझी शिक्क्याची अट सांगितली, आणि त्यांनी खिशातून पाईप काढला, रुमालाने पुसला आणि काउंटरवर माझ्यापुढे सरकवला.

तो या पत्राबरोबरच्या खोक्यात आहे. पत्र आधी वाचावंस म्हणून वर ठेवलंय, कारण खोकं उघडल्याबरोबर तू त्याला ओळखणार आणि मग माझं काही वाचणार नाहीस. वाटीत बोट घालून बघ, थर कसा एकसारखा धरलाय. कुठे तडा नाही. माझ्याबद्दल काय ठरवायचं ते सावकाश ठरव, मला घाई नाही, आणि लेथचंही तुझं तूच ठरव, मी त्यात बोलायला आता कोण. फक्त तो सुतार रविवारी येण्याआधी तुला हे कळायला हवं होतं, की त्या दिवशी घेणारा पुष्कळ काही म्हणाला होता. आणि एक कर. पायलटसाहेबांकडे सध्या कवळीत टिकेल असा दुसरा पाईप नाही, संध्याकाळी नुसते खिडकीशी बसतात. त्यांनी परत आणून दिलाय. शिक्का मार.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शब्द कमी पडलेला, तुझाच

पोपट